तयार बायनरी मिळाली तरी मॉड्यूल लोड का होत नाही?

एखादं पॅकेज लोड होईना, की जावास्क्रिप्टच्या टीममध्ये पहिला सल्ला मिळतो तो ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल करण्याचा. बऱ्याचदा तो लागू पडतो, पण बिघडलं काय होतं ते कुणालाच कळत नाही आणि पुढच्या डिप्लॉयमेंटला तीच एरर पुन्हा समोर येते. यामागे नेटिव्ह मॉड्यूलविषयी रुजलेले काही समज आहेत.

सगळ्यांत खोल रुजलेला समज असा, की एनपीएमवरून आलेलं सगळं जावास्क्रिप्टच असतं आणि म्हणून ते कुठेही चालतं. पण चित्रांवर काम करणारं शार्प, पासवर्डसाठीचं बीक्रिप्ट, डेटाबेससाठीचं बेटर-एसक्यूलाइट३ या नेटिव्ह मॉड्यूल्सचा गाभा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. तो कंपाइल होऊन ‘डॉट नोड’ एक्स्टेन्शनची फाइल तयार होते. नाव वेगळं असलं तरी ती लिनक्सवरच्या डॉट एसओ किंवा विंडोजवरच्या डीएलएलच्याच जातीची शेअर्ड लायब्ररी असते. आपण ‘रिक्वायर’ लिहितो तेव्हा नोड ती ओळीओळीने वाचत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमला ती मेमरीत चढवायला सांगतं. त्यामुळे मॅकवर इन्स्टॉल केलेलं फोल्डर जसंच्या तसं लिनक्सच्या डॉकर कंटेनरमध्ये कॉपी केलं, की ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ अशी एरर येते. फाइल खराब झालेली नसते. ती मॅकसाठीची असते आणि लिनक्सला ईएलएफ स्वरूपातली हवी असते. हे फोल्डर डॉकरइग्नोरमध्ये टाकावं आणि इन्स्टॉल कंटेनरच्या आतच करावं.

मग ‘लिनक्स, ६४ बिट’ अशी बायनरी मिळाली की झालं, असं वाटतं. तसंही नाही. अल्पाइनची इमेज लहान असते म्हणून ती सर्रास निवडली जाते, पण अल्पाइनची सी लायब्ररी मसल आहे, तर डेबियन आणि उबुंटूची ग्लिबसी. एकीसाठी बनवलेलं मॉड्यूल दुसरीवर चालेल असं गृहीत धरता येत नाही. पुष्कळ पॅकेजेस आता दोन्ही बायनरी देतात, पण सगळी नाही. ग्लिबसीतही जुन्या आवृत्तीवर कंपाइल केलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही. ‘ग्लिबसी २.२८ सापडली नाही’ अशी तक्रार येते ती जुन्या सर्व्हरवर. जाणते लेखक मुद्दाम जुन्या डिस्ट्रोवर बायनरी बनवतात ते यासाठीच. नेटिव्ह मॉड्यूल पुष्कळ असतील तर थोडे एमबी जास्त गेले तरी चालतील, डेबियनची ‘स्लिम’ इमेज घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत एक बारकावा हमखास निसटतो. २०२० मध्ये ॲपलने एम१ आणल्यानंतर अनेकांच्या मशीनवर रोझेटा या भाषांतराच्या थरामार्फत चालणारं इंटेलचं नोड राहून गेलं. अशा वेळी मशीन कोणतं आहे याला महत्त्व नसतं. नोडची प्रोसेस ज्या आर्किटेक्चरची, त्याच आर्किटेक्चरचं मॉड्यूल लागतं.

नोडची आवृत्ती बदलल्यावर येणारी एरर लोक गूढ समजतात, पण ती फार प्रामाणिक असते. तिच्यात दोन आकडे असतात: मॉड्यूल कशासाठी कंपाइल झालं आणि चालू नोडला काय हवं. नोड १८ चा आकडा १०८, २० चा ११५, २२ चा १२७. इलेक्ट्रॉनचे आकडे वेगळे, म्हणून तिथे रीबिल्ड करावं लागतं. ही कटकट संपवण्यासाठी २०१७ मध्ये नोड ८ सोबत नोड-एपीआय आलं. त्यावर बांधलेलं मॉड्यूल नोडच्या पुढच्या आवृत्त्यांवरही चालतं. मात्र त्याने फक्त आवृत्तीचा प्रश्न सुटतो. ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसर आणि सी लायब्ररी यांच्यासाठी वेगळ्या बायनरी तरीही लागतात.

‘बायनरी नसेल तर एनपीएम बांधून घेईल’ हा भरवसा अर्धाच खरा आहे, कारण ती पॅकेजवर अवलंबून असलेली गोष्ट आहे. काही पॅकेजेस इन्स्टॉलच्या वेळी स्क्रिप्ट चालवून बायनरी उतरवतात आणि ती मिळाली नाही तर नोड-जिप या बिल्ड टूलकडे वळतात. त्याला पायथन आणि सी प्लस प्लसचा कंपायलर लागतो. जावास्क्रिप्टचं पॅकेज इन्स्टॉल करताना ‘पायथन सापडत नाही’ असं ऐकावं लागतं ते यामुळे. काही पॅकेजेस सगळ्या बायनरी एकाच टारबॉलमध्ये भरून देतात. ईएसबिल्ड हा बंडलर आणि ०.३३ पासूनचं शार्प तिसऱ्या वाटेने जातात. प्रत्येक प्लॅटफॉर्मचं वेगळं छोटं पॅकेज असतं आणि ते ऐच्छिक डिपेन्डन्सी म्हणून जोडलेलं असतं. या वाटेने स्क्रिप्ट बंद ठेवूनही मॉड्यूल चालतं, आणि सुरक्षेचा विचार करणाऱ्यांसाठी हा मोठाच फायदा आहे. पण ‘ऐच्छिक’ या शब्दात धोकाही आहे. ऐच्छिक डिपेन्डन्सी वगळल्या किंवा लॉकफाइलमध्ये दुसऱ्याच प्लॅटफॉर्मच्या नोंदी राहिल्या, तर इन्स्टॉल बिनबोभाट यशस्वी होतं आणि एरर येते ती थेट ॲप सुरू करताना. म्हणून इन्स्टॉलनंतर सीआयमध्ये ते मॉड्यूल एकदा प्रत्यक्ष लोड करून पाहणारी एक ओळ ठेवावीच.

वेबअसेम्ब्ली आल्याने आता नेटिव्ह मॉड्यूलची गरज उरली नाही, असंही म्हटलं जातं. एकच फाइल सगळीकडे चालते हे खरं आहे, आणि शार्पही तशी आवृत्ती देतं. पण ईएसबिल्डची वेबअसेम्ब्ली आवृत्ती नेटिव्हपेक्षा बरीच संथ आहे, आणि नेटिव्ह चालत असेल तर ती वापरू नका असं त्याचे लेखकच सांगतात.