खडूचे भाव, रंगाचे भाव

12 नोव्हेंबर 2025, बुधवार. मुलुंड पश्चिमेला स्टेशनबाहेर संध्याकाळची गर्दी लोटली आहे. आर. आर. टी. रोडवर पाय ठेवायला जागा नाही. लोकलमधून उतरलेला माणूस एका हाताने बॅग पोटाशी धरतो आणि दुसऱ्या हाताने टोमॅटो दाबून बघतो. भाजीवाल्या बाईंसमोर ओल्या गोणपाटावर मेथी, पालक, शेपूच्या जुड्या आहेत. बाजूला टोमॅटोचा क्रेट, मागे तोंड उसवलेली कांद्याची गोण. गोणीला टेकवलेल्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलंय : मेथी 40, कोथिंबीर 30, टोमॅटो 50, कांदा 20. मेथीच्या चाळिसाखाली आधीचा आकडा बोटाने पुसल्याचा पांढरट डाग अजून तसाच आहे.

माझ्या मोबाइलवर दुपारी चारला आलेली बातमी उघडी आहे. ऑक्टोबर महिन्याचा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के. 2012 हे पायाभूत वर्ष धरून चाललेल्या मालिकेतला हा सगळ्यात खालचा आकडा. खाद्यपदार्थ गेल्या ऑक्टोबरपेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त, एकट्या भाज्या तर 27 टक्क्यांहून जास्त स्वस्त.

“मेथी कशी दिली?” माझ्या शेजारच्या काकू विचारतात.

“चाळीस.”

“चाळीस? ही एवढीशी जुडी? पंचवीसला दे.”

“काकू, वाशीलाच आज शेकडा अठ्ठावीसशे होता. वर हमाली, टेम्पो. दिवाळीतल्या पावसानं माल सगळा भिजलाय, निम्मा निवडून टाकायला लागतो.” बोलता बोलता बाई जुडीची बाहेरची पिवळी पानं ओरबाडतात आणि मागच्या ढिगात टाकतात. जुडी आणखी बारीक होते. काकूंच्या डोळ्यांतून ते सुटत नाही. “बघ, आता तर तीसचीसुद्धा नाही राहिली.”

शेवटी दोन जुड्या सत्तरला ठरतात. काकू पिशवी पुढे करतात, पण हलत नाहीत. “आणि वरचं?”

बाई कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकतात. जरा थांबून दोन मिरच्या टाकतात. काकूंची पिशवी अजून उघडीच.

“कोथिंबीर नाही जमायची काकू. दहाची घ्या.”

“पूर्वी मूठभर टाकायचीस.”

“पूर्वी पाचची मागितली तरी देत होते. आता पाचची काडी हातात धरली तर मलाच लाज वाटते.”

काकू दहाची नोट काढतात. भाजी घेतल्यावर वर मिळणारी मूठभर कोथिंबीर हा या बाजाराचा खरा काटा आहे. ती मिळाली की माल उतरलाय, हात आखडला की चढलाय, हे इथल्या प्रत्येक बाईला कळतं. सरकारी काट्यावर ती येत नाही, कारण तिला भावच नाही. देशभरातल्या 1,114 शहरी बाजारांतून आणि 1,181 गावांतून दर महिन्याला भाव गोळा होतात. ठरलेलं दुकान, ठरलेली वस्तू, ठरलेला दर्जा. म्हणजे या महिन्यात बासमती आणि पुढच्या महिन्यात कोलम असा घोळ होत नाही. मग प्रत्येक वस्तूला वजन लावतात. शंभरातले जवळजवळ 46 भाग खाण्यापिण्याला, त्यातले सहा भाज्यांना. ही वाटणी 2011-12 सालच्या पाहणीतल्या घरखर्चावरून ठरलेली. आता 2024 हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका तयार होते आहे, पण आजचा आकडा अजून त्या जुन्याच पिशवीतला आहे.

आणि आजचा दर मोजलाय तो गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी. तेव्हा भाज्या त्याआधीच्या वर्षापेक्षा 42 टक्क्यांनी चढल्या होत्या आणि महागाईचा दर 6.21 होता. एवढ्या उंचावरून खाली बघितलं की आजची चाळीसची मेथीसुद्धा हिशोबात स्वस्त ठरते. काकूंना मात्र मागचा ऑक्टोबर आठवत नाही, मागचा सोमवार आठवतो.

कांदा मात्र खरोखरच मातीमोल आहे. “तीन किलो पन्नास, तीन किलो पन्नास,” बाईंचा मुलगा ओरडतो आहे. पांढरा सदरा घातलेले, पंचाहत्तरीच्या आसपासचे एक काका वाकून कांदे निवडतायत. एकेक कांदा अंगठ्याने दाबून, मान मऊ लागली तर परत ठेवून.

“जुना आहे रे. कोंब येतील.”

“चाळीतला आहे काका. उन्हाळी. नवीन अजून कुठं आलाय?”

नाशिककडच्या शेतकऱ्याने एप्रिल-मेमध्ये काढलेला, भाव येईल म्हणून कांदाचाळीत राखलेला हा कांदा. राखता राखता वजन घटलं, सड लागली आणि भाव काही आला नाही. दर 0.25 वर येण्यात या कांद्याचाही वाटा आहे. मुलुंडच्या पिशवीत पडलेली स्वस्ताई निफाडच्या चाळीत तोटा म्हणून मांडली जाते आहे. काका तीन किलो घेतात, पन्नासची नोट देतात आणि घासाघीस करत नाहीत.

पुढे कोपऱ्यावर किराण्याचं दुकान. 22 सप्टेंबरला जीएसटी उतरला. साबण, टूथपेस्ट, शाम्पू 18 टक्क्यांवरून 5 वर आले, पनीर करमुक्त झालं. दुकानदार गिऱ्हाइकाला साबणाच्या वडीवरची जुनी आणि नवी किंमत बोट ठेवून दाखवतो. गिऱ्हाईक खूश. पण त्याच गिऱ्हाइकाने तेलाची पिशवी उचलली की दोघेही गप्प होतात. खाद्यतेलं वर्षभरात 11 टक्क्यांनी चढली आहेत. नारळाला हात लावून बाई विचारतात, “केवढ्याला?” आणि उत्तर ऐकून हात मागे घेतात.

मला घाई नाही, म्हणून मी काकांच्या मागे मागे चालत राहतो. ते गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रासमोर थांबतात. तिथे आधीच रांग आहे. आत दोन मुली ओट्यावर पोळ्या लाटतायत, तिसरी तव्यावर भाजतेय. मालकीणबाई गल्ल्यावर. त्यांच्या डोक्यावर पत्र्याचा बोर्ड आहे, निळ्या ऑइलपेंटने रंगवलेला : पोळी, भाकरी, सुकी भाजी, रस्सा भाजी, वरण. नावं रंगातली, पण आकड्यांवर चिकटपट्टीचे चौकोन. पोळीसमोरच्या चौकोनावर 12. त्याचा एक कोपरा सुटलाय, खालून 10 डोकावतो. त्याच्याही खाली काहीतरी आहे, ते रंगाचं असणार, पण आता दिसत नाही. चौकोन एकावर एक बसून बोटभर जाड झालेत.

भाजीवाल्या बाईंचा खडू दोन्हीकडे चालतो. आज चाळीस, परवा पंधरा. पुसायला बोट पुरतं. हा बोर्ड एकाच दिशेने चालतो. या गल्लीतली, या उपनगरातली बरेच भाव या बोर्डाच्या जातीचे आहेत. रिक्षाचं मीटर 1 फेब्रुवारीला 23 वरून 26 झालं. बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी तिकीट 9 मेपासून पाचाचं दहा झालं, एसी बसचं सहाचं बारा. घरगुती गॅस सिलिंडर एप्रिलपासून 852 रुपये 50 पैसे. क्लासची फी, डॉक्टरची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, अकरा महिन्यांचं भाड्याचं ॲग्रीमेंट. यातलं क्वचितच काही परत उतरतं. ऑक्टोबरच्या आकड्यातही शिक्षण आणि आरोग्य गेल्या वर्षापेक्षा साडेतीन-चार टक्क्यांनी वरच आहेत. खडूचे भाव कोसळले म्हणून सरासरी शून्याला टेकली आहे. रंगाचे भाव जिथल्या तिथे आहेत, किंवा एक पायरी वर.

“मावशी, कांदा वीसवर आला. पोळी-भाजी स्वस्त नाही करणार?” रांगेतला गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेला एक तरुण गमतीने विचारतो.

मालकीणबाई ते गमतीत घेत नाहीत. “कांदा वीसवर आला, पण तेलाचा डबा कुठे आला? या पोरींचे पगार उतरवू? त्या दिव्याहून येतात, त्यांना पास लागत नाही? परत कांदा ऐंशी झाला की तुम्ही मला दोन रुपये वाढवून देणार आहात का?”

“नाही,” तरुण प्रामाणिकपणे म्हणतो.

“मग?”

रांग हसते. काकाही हसतात. पिशवी खाली ठेवून ते तरुणाला विचारतात, “काय आलाय आकडा?”

“पाव टक्का, काका. झिरो पॉइंट टू फाइव्ह.”

“हा कुठला? आमचा इंडेक्स वेगळा होता. लेबर ब्युरोचा, शिमल्याहून यायचा.” काकांना विषय सापडलाय. ते एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात होते. तिथे पगारापेक्षा महागाई भत्त्यावर जास्त भांडणं व्हायची, कारण करारात पॉइंटमागे इतके पैसे असं लिहिलेलं असे. इंडेक्स चार पॉइंट चढला की हातात किती पडणार, हे हेल्परलासुद्धा तोंडपाठ. “आणि इंडेक्स खोटा आहे म्हणून आख्खी मुंबई बंद झाली होती, माहीत आहे का? त्रेसष्ट साली. आमचे वडील गिरणीत होते.”

तरुणाला माहीत नाही. 20 ऑगस्ट 1963 चा तो बंद. मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक लेबर ऑफिस 1921 पासून काढत होतं, सुरुवातीला जुलै 1914 म्हणजे शंभर धरून. साठच्या दशकापर्यंत कामगारांची खात्री झाली होती की बाजारात भाव चढतायत आणि कागदावर इंडेक्स चढत नाही, त्यामुळे भत्ता मारला जातोय. सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीनेही मान्य केलं की इंडेक्स भाववाढ कमी दाखवतोय. गिरणी कामगाराचं म्हणणं खरं निघालं.

“आणि बहात्तरला आई,” काका सांगतात, “गोरेगावला राहायचो आम्ही. मृणालताईंच्या मोर्चाला लाटणं घेऊन गेली. संध्याकाळी परत आली आणि त्याच लाटण्याने पोळ्या केल्या.” दुष्काळाचं वर्ष, साखर-तेल-रॉकेलची टंचाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरोधी समितीत एकत्र आल्या होत्या, त्यांचे लाटणे मोर्चे आणि थाळीनाद सचिवालयापर्यंत ऐकू जात होते. ओट्यावरच्या मुलींपैकी एक लाटणं हातात तसंच धरून काकांकडे बघते आणि मालकीणबाईंनी डोळे वटारल्यावर परत कामाला लागते.

“मग आता तुम्हाला भत्ता मिळतो का काका?” तरुण विचारतो.

“मला? मला पीएफची पेन्शन. महिना एकवीसशे. निवृत्त झालो तेव्हा जेवढी लागली तेवढीच. भत्ता सरकारी लोकांना.”

केंद्र सरकारच्या नोकरदारांचा आणि निवृत्तांचा महागाई भत्ता जुलैपासून 58 टक्के आहे, शिमल्याच्या त्याच आकड्यावरून सहा महिन्यांनी हलणारा. काकांची पीएफची, म्हणजे ईपीएस-95 ची पेन्शन कुठल्याच निर्देशांकाला बांधलेली नाही. तिची किमान रक्कम 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली, आजही तेवढीच. इंडेक्ससाठी मुंबई बंद पाडणाऱ्या कामगारांची मुलं म्हातारपणी इंडेक्सच्या बाहेर पडली आहेत.

“पण आकडा खाली आला हे चांगलंच ना,” तरुण म्हणतो. त्याचं घर ठाण्याच्या पुढे, कर्ज वीस वर्षांचं. “फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रेपो रेट एक टक्का उतरला. साडेसहाचा साडेपाच. आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिझर्व्ह बँकेची मीटिंग आहे. त्यांना महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते आणि ही तर पाव टक्क्यावर आहे. अजून उतरवतील. माझा हप्ता कमी होईल.”

काका त्याच्याकडे नीट बघतात. “तुझा हप्ता उतरतो तेव्हा माझ्या एफडीचं काय होतं?”

तरुण गप्प.

“मार्चमध्ये एक एफडी संपली. त्याच बँकेत परत ठेवली, तर व्याज कमी. पुढची जानेवारीत संपतेय.” काका बोटांवर हिशोब मांडतात. “कांद्याचे माझे महिन्याला किती वाचणार? शंभर? सव्वाशे? गोळ्यांचं बिल कांद्याबरोबर उतरत नाही. पोळी उतरत नाही. महागाई चढली की माझा खर्च चढतो आणि उतरली की माझं व्याज उतरतं. आता तूच सांग, मी कुठल्या बातमीला पेढे वाटायचे?”

“पेढे राहू द्या काका,” मालकीणबाई कागदात गुंडाळलेली पुडी पुढे सरकवतात. “आठ पोळ्यांचे शहाण्णव झाले. आणि चार रुपये सुट्टे नाहीयेत माझ्याकडे, बघा तुमच्याकडेच असतील तर.”