आपला नाश्ता आदल्या रात्री
भिजवलेले ओट्स आणि फळे

घरातल्या सगळ्यांचा नाश्ता झाला का, असे कुणी विचारले तर कोणतीही गृहिणी चटकन उत्तर देईल. मुलाने अर्धी पोळी टाकली, मुलीने नाक मुरडत का होईना उपमा संपवला, सासऱ्यांचे दूध-लाह्या खाऊन झाले, 'ह्यांनी' पोहे दोनदा मागून घेतले. सारा हिशेब तिला तोंडपाठ असतो. पण "तू काय खाल्लंस गं?" असे विचारले की ती जरा थांबते. चहा झाला. चहाबरोबर दोन बिस्किटे. कढईच्या तळाशी राहिलेले पोहे. आणि हो, मुलाने टाकलेली ती अर्धी पोळी! "आता काय, अकराला जेवायचंच आहे," असे म्हणून ती विषय संपवते आणि ओट्याकडे वळते.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळच्या प्रार्थनेला एखादी मुलगी घेरी आल्यासारखी मटकन खाली बसते, हे वर्षातून पाच-सहा वेळा तरी होतेच. "काय खाऊन आलीस गं?" "चहा, बाई." "आणि आई काय खाते सकाळी?" "आई नंतर खाते." हे 'नंतर' मला फार खुपते. मुलींना आपण नाश्त्याचे महत्त्व कितीही पटवून सांगितले तरी त्या शिकतात ते आपल्या ताटाकडे बघून. आई सकाळी उपाशी राहते, म्हणजे मोठ्या बायकांनी असेच राहायचे असते, हे त्यांच्या मनात न सांगता उतरते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शंभरातल्या सत्तावन्न! त्याची कारणे अनेक आहेत, एका नाश्त्याने तो बरा होणार नाही हे खरेच. पण सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची जी आपली रीत, तिचा त्यात वाटा नाही असे कसे म्हणावे?

"अहो, पण सकाळी वेळ कुठे असतो?" असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. सकाळी वेळ नसतोच. म्हणून आपला नाश्ता सकाळी करायचाच नाही. रात्री करायचा. आणि त्यासाठी भिजवलेल्या ओट्ससारखा सोपा पदार्थ नाही. गॅस नको, फोडणी नको, पाच मिनिटांचे काम.

हे खाणे आले कुठून?

ओट्स रात्री भिजवून फळाबरोबर खायची पद्धत स्वित्झर्लंडची. झुरिक शहरात माक्सिमिलिआन बिर्खर-बेन्नर (१८६७–१९३९) नावाचे डॉक्टर होते. पर्वतात भटकंतीला गेले असताना तिथल्या धनगरी माणसांचे असेच काहीसे खाणे त्यांच्या पाहण्यात आले, असे सांगतात. १९०४ मध्ये त्यांनी झुरिकजवळच्या टेकडीवर आपले आरोग्यधाम काढले आणि रोग्यांच्या आहारात हा पदार्थ ठेवला. 'म्यूस्ली' म्हणून जो पदार्थ आज डब्यातून विकत मिळतो, त्याचे मूळ हेच.

पण डॉक्टरांची मूळ कृती डब्यातल्या म्यूस्लीहून फार वेगळी होती. एक मोठे सफरचंद सालीसकट किसलेले. ओट्स फक्त एक चमचा, तेही तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले. अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर आटवलेले गोड दूध आणि वरून बदाम किंवा अक्रोडाची पूड. म्हणजे फळ हा मुख्य पदार्थ, ओट्स नुसते जोडीला! आज आपण नेमके उलटे करतो. वाडगाभर ओट्स आणि वर शोभेला केळ्याच्या चार चकत्या. डॉक्टरांचे प्रमाण तंतोतंत पाळायला नको, पण फळ भरपूर हवे एवढे त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

भिजवून खाणे आपल्याला नवे थोडेच आहे? मटकी, मेथ्या, बदाम, डोशाची डाळ, काय काय आपण रात्री भिजत घालतो! आणि दहीपोहे तर ह्याच जातीतले. पोहे करताना भात भिजवून, भाजून चपटा करतात, तसेच ओट्सही कारखान्यात वाफवून रुळांखाली चपटे केलेले असतात. म्हणूनच ते न शिजवता, नुसते भिजवून खाता येतात.

दुकानात घ्यायचे कोणते?

साधे, चपटे, बिनमसाल्याचे. पाकिटावर पदार्थांच्या यादीत 'ओट्स' एवढा एकच शब्द असावा. मसाल्याच्या पाकिटांत मीठ बरेच असते आणि ती भिजवायच्या कामाची नाहीत. तुकडे केलेले जाड ओट्सही मिळतात, पण ते शिजवायचे असतात. नुसत्या भिजवण्याने दाताखाली कचकच लागतात. आणि मोठे पाकीट एकदम आणू नका. पाकीट फोडले की घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. पावसाळ्यात उघडे राहिले तर मऊ पडतात, कुबट वास येतो.

कृती (एका व्यक्तीसाठी)

पाऊण वाटी ओट्स (साधारण ४० ग्रॅम), एक वाटी तापवून गार केलेले दूध, दोन चमचे ताजे दही, एक चमचा भाजलेल्या दाण्याचे किंवा बदामाचे कूट, चार-पाच मनुका किंवा दोन खजूर चिरून, चिमूटभर वेलचीपूड आणि कणभर मीठ. हे सगळे काचेच्या बरणीत किंवा झाकणाच्या डब्यात कालवून फ्रिजमध्ये ठेवा. मनुका-खजुरांची गोडी रात्रीत उतरते, त्यामुळे वरून साखर लागत नाही. सकाळी फळ चिरून घाला, ढवळा आणि खा. फार घट्ट झाले असेल तर थोडे दूध घाला. गार नको वाटत असेल तर उठल्याबरोबर डबा बाहेर काढून ठेवा, मुलांचे डबे भरेपर्यंत गारवा मोडतो.

चिआचे बी हल्ली सगळीकडे सांगतात. ते महाग पडते. आपले अळीव आहेत की! पाव चमचा अळीव घातले की रात्रीत फुलून तसेच बुळबुळीत होतात, आणि त्यांत लोह चांगले असते. फक्त गरोदर बाईने अळीव डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत.

फ्रिज नसेल, किंवा उन्हाळ्यात वीज जात असेल, तर दुधातले ओट्स रात्रभर बाहेर ठेवू नका. आपल्या हवेत ते नासणार. त्याऐवजी पहाटे उठल्याबरोबर कोमट दुधात भिजवा. आंघोळ होईपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटांत, पातळ ओट्स खाण्याजोगे होतात. फ्रिजमध्येसुद्धा दोन दिवसांपलीकडे ठेवू नये.

कोणते फळ केव्हा घालावे?

डाळिंबाचे दाणे, द्राक्षे, मनुका, खजूर रात्रीच घातले तरी चालतात. केळे, चिकू, आंबा, सीताफळ सकाळी घालावे. केळे रात्री चिरले की काळे पडते. पपई, अननस नि किवी दूध-दह्यात रात्रभर कधीच ठेवू नयेत. त्या फळांतल्या पाचक द्रव्यामुळे दुधातली प्रथिने फुटतात आणि सकाळी कडवट चव येते. ही फळे आयत्या वेळी घातली तर बाधत नाही. सफरचंद किंवा पेर किसून घालायचे असेल तर लिंबू पिळा, म्हणजे तांबूस होत नाही. पण लिंबू पिळायचे त्या दिवशी ओट्स दुधात नव्हे, पाण्यात किंवा दह्यात भिजवावेत, नाहीतर दूध फाटेल.

महाग फळांच्या मागे लागू नका. बाजारात जे ढिगाने आले असेल तेच घ्यावे. थंडीत पेरू, बोरे, संत्री, उन्हाळ्यात आंबा, कलिंगड (कलिंगडाला पाणी सुटते, ते वेगळेच खावे), पावसाळ्यात केळे, पेर, पुढे सीताफळ.

आमच्या घरी पहिल्या दिवशी सासूबाईंनी बरणीत डोकावून विचारलेच, "अगं, दुधात फळं? आयुर्वेदात चालत नाही म्हणतात." मी म्हटले, "अहो आई, मग आपलं शिकरण?" त्या हसल्या. "शिकरणाचं काय घेऊन बसलीस, ते आपलंच आहे!" तुमच्या घरी दूध नि फळ एकत्र चालत नसेल तर वाद घालू नका. ओट्स पाण्यात भिजवा, सकाळी दाण्याचे कूट नि फळ घाला. नारळाच्या दुधातही सुरेख लागतात. पदार्थ तोच राहतो आणि घरात शांतता राहते.

ह्यातून मिळते काय?

ओट्समध्ये 'बीटा-ग्लुकॅन' नावाचा चिकट, विरघळणारा तंतू असतो. भिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो त्याचाच. हा तंतू रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर रक्तातले कोलेस्टेरॉल काहीसे उतरते. ह्याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर तसे लिहायला परवानगी दिली. आपल्या पाऊण वाटीत त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. ह्याच तंतूमुळे पोट बराच वेळ भरलेले वाटते आणि दहा वाजता बिस्किटांच्या डब्याकडे हात जात नाही. ज्यांना सवय नाही त्यांनी आठवडाभर अर्ध्याच प्रमाणात खावे, नाहीतर पोटात वायू धरतो.

लोहाच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे. पाऊण वाटी ओट्समधून जेमतेम दोन मिलिग्रॅम मिळते आणि धान्यातल्या फायटेटमुळे तेही पुरते अंगी लागत नाही. रात्रभर भिजवल्याने ही अडचण सगळी जात नाही. तिला उतारा 'क' जीवनसत्त्वाचा. म्हणून पेरू, संत्रे, लिंबू किंवा चमचाभर आवळ्याचा कीस बरोबर असावा. दुसरी गोष्ट चहाची. नाश्त्याला लागून चहा घेतला की त्यातली द्रव्ये लोह अडवून धरतात. चहा तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्या. चहा सोडा असे मी म्हणत नाही, तेवढे धैर्य माझ्यात नाही! बाकीचे लोह पालेभाज्या, कडधान्ये, मांसाहार करणाऱ्यांना मांस-मासे ह्यांतून मिळवायचे. आणि धाप लागत असेल, पायात गोळे येत असतील, तर रक्त तपासून डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्यायच्या. त्याला नाश्ता हा पर्याय नव्हे.

मधुमेह असणाऱ्यांनी खजूर, मनुका, पिकले केळे, आंबा वगळावा. पेरू किंवा सफरचंद, दही नि दाण्याचे कूट घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांनी साधे पाकीट घेऊ नये, कारण दळणात-भरण्यात गहू मिसळलेला असू शकतो.

ओट्स परवडत नसतील तर?

तर अडून काही बसलेले नाही. ओट्स पोह्यांपेक्षा महाग पडतात हे खरेच आहे. रात्री नाचणीचे पीठ ताकात कालवून ठेवा आणि सकाळी पाणी उकळून त्यात सोडा, दहा मिनिटांत आंबील तयार. नाचणीतले कॅल्शियम ओट्सहून कितीतरी जास्त. जाड पोहे धुऊन दह्यात कालवा, वर डाळिंब नि दाण्याचे कूट घाला, की झाले. मोड आलेले मूग रात्रीच वाफवून ठेवले तर सकाळी नुसते लिंबू पिळायचे. महत्त्व आहे ते रात्री तयार करून ठेवण्याला.

आणि एक शेवटची सूचना, ती सगळ्यांत महत्त्वाची. घरात चौघे असतील तर मोठे पातेले भरून भिजवू नका. पातेले असले की वाढणारी शेवटी, आणि तिच्या वाट्याला पुन्हा तळच! प्रत्येकाची वेगळी बरणी भरा, आणि त्यांत एक आपली. झाकणावर कागद चिकटवून नाव लिहा. मुलांना त्याची गंमत वाटते, आणि आईच्या बरणीला कुणी हात लावायचा नाही हे दोन दिवसांत ठरून जाते. "आई, तुझी बरणी अजून भरलेलीच आहे," असे आमची धाकटी हल्ली मलाच बजावते.

रात्री विरजण लावताना फ्रिज उघडतोच आपण. त्याच वेळी ही बरणीही भरून ठेवा. सकाळी सगळ्यांबरोबर, शक्य झाले तर बसून, दहा मिनिटे खा. आठवडाभर करून पाहा, आणि अकरा वाजता डोके दुखायचे थांबते का तेही बघा.