चार सुरांची हाक

पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा ‘विश यू वर हिअर’ हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो मित्राच्या खोलीवर, रात्री दिवा मालवून. सिंथेसायझरचा सूर तानपुऱ्यासारखा घुमत होता, त्यावर गिटारची आलापी सावकाश चालली होती. चौथ्या मिनिटाच्या सुमारास सगळं थांबलं आणि गिटारवर चार सुटे सूर उमटले. थोडं थांबून पुन्हा तेच चार. अंगावर काटा आला.

अल्बमच्या या पहिल्या गाण्याचा पहिला शब्द येतो साडेआठ मिनिटांनंतर. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून सवडीनं मांडलेलं हे संगीत म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. घरात ख्याल ऐकत वाढलेल्या मला ही बढत परकी वाटली नाही.

ते सूर कुणासाठी आहेत, हे मला पुढे कळलं. सिड बॅरेट हा बँडच्या सुरुवातीच्या काळातला गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार. मादक द्रव्यं आणि ढासळती मनःस्थिती यांमुळे १९६८मध्ये तो बँडबाहेर गेला. त्याच्या जागी गिटारवर आला त्याचाच जुना मित्र, डेव्हिड गिल्मर. हे चार सूर गिल्मरचे आहेत. मित्राच्या रिकाम्या जागी बसून त्यानं मित्रालाच घातलेली ती हाक आहे, असं मला वाटतं.

जून १९७५मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच अल्बमचं काम चालू असताना एक स्थूल माणूस आत आला. डोकं आणि भुवया भादरलेल्या. कुणी ओळखलं नाही. तो सिड होता.

अल्बमच्या शीर्षकगीतात हा दुरावा कानांनाच कळतो. आधी रेडिओची खरखर, स्टेशनं बदलतात, मग त्यातूनच बारीक, पत्र्यासारखी गिटार ऐकू येते. एवढ्यात दुसरी गिटार साथीला येते, अगदी जवळून, जणू आपल्याच खोलीत कुणी रेडिओबरोबर वाजवतंय. एक गिटार लांब, एक शेजारी. ‘तू इथं हवा होतास’ हे शब्दांआधी आवाजानंच सांगून झालेलं असतं.

सिडसाठीचं ते लांबलचक गाणं दोन तुकड्यांत आहे. अल्बम त्यानंच सुरू होतो, त्यानंच संपतो. म्हणून यातलं एखादंच गाणं वेचून ऐकू नका. सुमारे ४४ मिनिटं काढा, फोन दूर ठेवा आणि एका बैठकीत सगळा ऐका.