सोलापूरची मंडळी : ख्रिस्ती परंपरेचा एक परिचय

ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी नासरेथच्या येशूविषयीची एक साक्ष आहे. पॅलेस्टाइनमधील हा यहुदी उपदेशक रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या आज्ञेने सुमारे इ. स. ३० मध्ये क्रुसावर मारला गेला, तिसऱ्या दिवशी तो मरणातून उठला आणि त्याच्या ठायी प्रत्यक्ष देव मनुष्यरूपाने प्रकट झाला, अशी ही साक्ष आहे. देव एकच असून तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन रूपांत नव्हे, तर तीन व्यक्तींच्या ऐक्यात आहे, या सिद्धान्ताला मराठी ख्रिस्ती परिभाषेत त्र्यैक्य म्हणतात. आणि माणसाची पापापासून सुटका त्याच्या पुण्यसंचयाने होत नसून देवाच्या कृपेने होते, या विश्वासाला तारणाचा सिद्धान्त म्हणतात. यहुदी धर्मग्रंथांचा जुना करार आणि येशूची चार चरित्रे, प्रेषितांची कृत्ये व पत्रे यांचा नवा करार मिळून पवित्र शास्त्र होते. नाताळ, लेंट म्हणजे चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा सण हा वर्षक्रम या साक्षीचीच दरवर्षी होणारी उजळणी होय.

या गाभ्यावर जगातील बहुतेक ख्रिस्ती पंथांचे एकमत आहे. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचे वाद मुख्यतः पहिल्या पाच शतकांत झाले. ३२५ ची नायसीया आणि ४५१ ची कॅल्सेडॉन या धर्मपरिषदा त्यासाठीच भरल्या होत्या. त्यानंतरच्या मोठ्या फुटींमध्ये मात्र अधिकाराचा प्रश्न वारंवार पुढे येतो. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल एकमेकांपासून दुरावले, त्यातून रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स हे दोन प्रवाह वेगळे झाले, आणि त्या दुराव्याच्या मुळाशी रोमच्या बिशपचे, म्हणजे पोपचे, वर्चस्व मान्य करावे की नाही हा मोठा मुद्दा होता. १५१७ पासून मार्टिन ल्यूथरने उभ्या केलेल्या चळवळीने पोपच्या आणि परंपरेच्या वर पवित्र शास्त्राला ठेवले व प्रॉटेस्टंट प्रवाह सुरू झाला. पण शास्त्राचा अर्थ लावून मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार चालवायचा कोणी, हा प्रश्न उरलाच. अँग्लिकनांनी बिशपपद राखले, प्रेस्बिटेरियनांनी वडिलांच्या, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठांच्या, सभेकडे अधिकार दिला, तर इंग्लंडमधील काही कडव्या सुधारकांनी असे ठरवले की एका ठिकाणी जमलेले विश्वासणारे हेच स्वयंपूर्ण मंडळी होत, आपला पाळक निवडणे, नवा सभासद घेणे आणि चुकलेल्याला शिस्त लावणे हे त्यांचेच काम आहे, त्यांच्यावर ख्रिस्ताखेरीज कोणी धनी नाही. या कॉन्ग्रिगेशनल पंथाचे लोक सतराव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वसले आणि तेथूनच दोन शतकांनी मराठी मुलखात आले. सोलापुरातील ख्रिस्ती जीवन समजण्यासाठी या पंथाची ही कल्पना आधी समजून घ्यावी लागते.

महाराष्ट्राला ख्रिस्ती धर्म तोवर अपरिचित नव्हता. वसई आणि गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आलेला कॅथलिक धर्म रुजला होता आणि फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. घाटावर मात्र प्रॉटेस्टंट धर्म पसरवण्यात मोठा वाटा कॉन्ग्रिगेशनल परंपरेच्या अमेरिकन मराठी मिशनचा राहिला. या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले, १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले आणि १८५४ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास बोस्टनहून मिशनचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. मिशनऱ्याने शाळा आणि संस्था वाढवत बसू नये, लवकरात लवकर देशी मंडळ्या स्थापाव्यात आणि त्यांनी आपला कारभार, आपला खर्च व आपला प्रसार स्वतः करावा, असा त्यांचा आग्रह होता. सोलापूरचे ठाणे १८६० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे या धोरणाच्या भरात उघडले गेले. रेल्वे १८६० मध्येच सोलापूरपर्यंत पोचली होती; त्यानंतर लवकरच चार्ल्स हार्डिंग येथे आले आणि पुढे लॉरिन गेट्स यांनी दीर्घकाळ काम केले. शहरातील जुनी मंडळी आजही फर्स्ट चर्च या नावाने ओळखली जाते.

या मंडळ्यांत आलेले लोक बहुतांशी महार आणि मांग समाजांतील होते. गावगाड्यात त्यांच्या वाट्याला कामे होती, हक्काचे बलुते होते, पण गावाच्या निर्णयात शब्द नव्हता. अशा माणसाला मंडळीच्या सभेत हात वर करून पाळक निवडता येत होता, हिशेब विचारता येत होता आणि एखाद्याच्या बाप्तिस्म्याला हरकत घेता येत होती. धर्मांतराच्या कारणांची चर्चा करताना धान्य, शाळा आणि नोकरी यांचा उल्लेख नेहमी होतो आणि तो खोटा नाही. तथापि मंडळीच्या सभेतील हे मत फारसे कोणी मोजत नाही, आणि ते मोजल्याशिवाय या माणसांचा निर्णय पुरता कळत नाही.

दुष्काळांनी अँडरसन यांचे धोरण मोडून टाकले. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० या काळात सोलापूर जिल्हा होरपळला, आणि अनाथ मुलांची रीघ मिशनच्या दाराशी लागल्यावर स्वावलंबी मंडळीचे तत्त्व बाजूला ठेवून वसतिगृहे, उद्योगशाळा आणि मुलींच्या शाळा उभारणे भाग पडले. मिशनची वोरोनोको ही मुलींची शाळा शहराच्या शैक्षणिक इतिहासात नाव राखून आहे. हार्डिंग यांची कन्या मेरी हार्डिंग हिने फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीवर येथे बालवाडी आणि तिच्यासाठी शिक्षिका तयार करणारा वर्ग चालवला. पुढे गिरण्यांच्या या शहरात सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या लोकांची वसाहत, जिला सोलापूरकर सेटलमेंट म्हणतात, तिचा कारभारही काही काळ मिशनने पाहिला. हा भाग निर्मळ मनाने गौरवावा असा नाही. कुंपणातल्या माणसाला शाळा आणि दवाखाना मिळाला हे खरे, पण ज्या पंथाने माणसाला त्याच्या मंडळीत मत दिले, त्याच पंथाचे लोक येथे हजेरी घेणाऱ्या सरकारचे हस्तक झाले. संस्था वाढल्या तसा पैसा बोस्टनहून येत राहिला, आणि पैसा जिकडून येतो तिकडे निर्णयही सरकतो, हे अँडरसन यांनी आधीच ओळखले होते.

एक गोष्ट मात्र बोस्टनहून आली नाही. उपासनेचा सूर येथलाच आहे. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने आषाढी-कार्तिकीच्या दिंड्या पाहत वाढलेल्या माणसांना इंग्रजी चालींची भाषांतरित गीते परकी वाटत होती. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली, ज्यात पूर्वरंग, उत्तररंग, टाळ आणि झांज सगळे तसेच राहून आख्यान तेवढे बायबलातले असते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी अभंग, ओवी आणि पदे या छंदांत जी गीते लिहिली, ती मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही गायली जातात. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती. ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतरची वर्षे मराठी संतचरित्रांच्या इंग्रजी भाषांतराला वाहिली आणि महिपतींचा ‘भक्तविजय’ नरहर गोडबोले यांच्या साह्याने जगापुढे नेला. एखाद्या मिशनऱ्याने आयुष्याच्या अखेरीस असे काम हाती घ्यावे, यात मराठी भक्तिपरंपरेचा जय तर आहेच, पण त्या माणसाच्या सचोटीचाही पुरावा आहे.

रविवारच्या उपासनेत गीत, पापांगीकार, शास्त्रवाचन, उपदेश, दान आणि प्रार्थना असा क्रम असतो. प्रॉटेस्टंट मंडळ्या साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताने स्वतः नेमून दिलेले विधी, दोनच मानतात : पाण्याने होणारा बाप्तिस्मा आणि भाकर व द्राक्षरस यांनी होणारे प्रभुभोजन. कॅथलिक परंपरा दृढीकरण, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह धरून सात मानते. पीक घरात आल्यावर ज्वारी, भाज्या, फळे, कधी कोंबडी वेदीपुढे आणून त्यांचा लिलाव करण्याचा आभाराचा सण अनेक मराठी मंडळ्यांत असतो, आणि कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यात त्याला वेगळी धार आहे.

कॅथलिकांचा प्रवाह सोलापुरात संख्येने लहान असला तरी त्याची बांधणी भक्कम आहे. जिल्हा १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतो आणि सेंट जोसेफ शाळेमुळे ख्रिस्तेतर सोलापूरकरांनाही ही परंपरा परिचयाची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, लॅटिनमधील मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मराठीत होऊ लागली.

प्रॉटेस्टंट बाजूला मोठे वळण २९ नोव्हेंबर १९७० रोजी आले. त्या दिवशी नागपूर येथे सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले : अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि कॉन्ग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे आधीचे संयुक्त चर्च. बॅप्टिस्टांच्या मते बाप्तिस्मा समजत्या वयातच व्हावा, अँग्लिकनांच्या मते तान्ह्या मुलालाही मिळावा. नव्या चर्चने दोन्ही पद्धती ग्राह्य धरल्या आणि कोणालाही दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यायला लावला नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या वारसदार मंडळ्यांनी आपल्या बाजूने याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे बिशप स्वीकारला. ज्यांच्या पूर्वसूरींनी बिशपाच्या अधिकाराखाली राहायचे नाही म्हणून समुद्र ओलांडला होता, त्यांनी ऐक्यासाठी धर्मप्रांताची रचना मान्य केली. पाळकाची नेमणूक आणि मालमत्तेचा ताबा हे प्रश्न त्यामुळे मंडळीच्या सभेकडून वरच्या कार्यालयाकडे गेले. ऐक्याचे मोल मोठे आहे यात शंका नाही. पण मिशनच्या काळातील जमिनी आणि इमारतींवरून मराठी मुलखात चर्चच्या अंतर्गत जे खटले चालत आले आहेत, ते पाहता स्थानिक सभेचा तो जुना अधिकार गमावल्याची किंमतही लहान नव्हती, असे म्हणावे लागते.

कदाचित म्हणूनच गेल्या काही दशकांत पेंटेकोस्टल धाटणीच्या स्वतंत्र मंडळ्या वाढल्या. पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि उत्स्फूर्त उपासना यांवर भर देणारा हा प्रवाह अमेरिकेतून आला असे सरसकट मानले जाते. वस्तुतः पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ मध्ये मुली व स्त्रियांमध्ये जे धार्मिक जागरण झाले, ते या प्रवाहाचा उगम मानल्या जाणाऱ्या लॉस एंजेलिसच्या जागरणाच्या एक वर्ष आधीचे आहे. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे कामही रमाबाईंनी तेथेच १९२२ मधील मृत्यूपर्यंत केले.

मंडळीच्या सभेत सर्वांना सारखे मत असले तरी जात दाराबाहेर राहिली नाही. सोयरीक जुळवताना ती आजही विचारली जाते. बाहेरच्या व्यवहारात तर राज्यसंस्थेनेच एक विचित्र स्थिती निर्माण केली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा जवळजवळ फक्त हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे एकाच वस्तीतील, एकाच आजोबांची नातवंडे असलेल्या दोन कुटुंबांपैकी बौद्ध झालेल्या कुटुंबाला जो दाखला मिळतो, तो ख्रिस्ती कुटुंबाला मिळत नाही. अस्पृश्यता धर्म बदलल्याने संपते असे कायदा धरून चालतो, आणि याच गृहीतकाला न्यायालयांत व आयोगांपुढे दलित ख्रिस्ती संघटनांनी वर्षानुवर्षे आव्हान दिले आहे.