जुन्या मालाचा नवा बाजार

जुन्या वस्तूंचा बाजार हा मुळात कष्टकऱ्यांचा बाजार आहे. ज्याच्या हाती एकरकमी पैसा असतो तो दुकानात जाऊन कोरी वस्तू आणतो. ज्याच्या हाती नसतो तो दुसऱ्याने वापरलेली घेतो, आणि अडचण आली म्हणजे तीच तिसऱ्याला विकतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेला मराठवाड्याचा मुलगा पाहा. तो चौघांत एक खोली घेतो, जुना मोबाइल घेतो, जुनी मोटारसायकल घेतो. लग्न झाले की जुना फ्रीज येतो. कंत्राट संपले की यातील निम्म्या वस्तू विकून तो गावची गाडी पकडतो. कामगार संघटनेच्या कचेरीत मी तीस वर्षे बसतो आहे. पूर्वी तेथे गाऱ्हाणी यावयाची ती पगाराची, बोनसची, भविष्यनिर्वाह निधीची. अलीकडे त्यांत एक निराळीच भर पडली आहे. 'भाऊ, मोबाइलवर गाडी पाहिली, पैसे पाठवले, आणि आता तो माणूस फोनच उचलत नाही.' रक्कम ऐकावी तर बहुधा एका महिन्याच्या पगाराएवढी असते.

हे कसे घडते ते समजून घ्यावयाचे तर आधी जुना बाजार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोर बाजाराचे तर नावच गिऱ्हाइकाला सावध करणारे आहे. पण मला सर्वांत शिकवून जातो तो खेड्यातला बैलबाजार. तेथे घेणारा बैलाचे दात मोजतो, त्याला चालवून पाहतो, मानेवर हात फिरवतो, आणि मग दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. त्या रुमालाखाली लबाडी होत नाही असे मुळीच नाही. म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून, रंगवून तो तरुण म्हणून गळ्यात मारणारे हेडे प्रत्येक तालुक्यात होऊन गेले. तरीही एक गोष्ट तेथे पक्की असते. बैल समोर उभा असतो, विकणारा हाताच्या अंतरावर असतो, आणि पैसा सर्वांच्या शेवटी हलतो. विसार द्यावयाचा तोसुद्धा कासऱ्याला हात लावून, चार माणसांदेखत. फसवणूक झालीच तर ती मालाच्या गुणांत होते. माल मुळीच नसणे ही फसवणूक बैलबाजारात अशक्य आहे.

ओएलएक्स २००६ साली निघाली, क्विकर २००८ साली. त्यायोगे जाहिरात घरबसल्या दिसू लागली. परंतु पैसा मात्र बरीच वर्षे हातोहातच दिला जात होता, कारण अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याचा सोपा मार्गच सामान्य माणसापाशी नव्हता. २०१६ साली यूपीआय आले आणि तो मार्ग मोकळा झाला. या सोयीने गरिबाचे पुष्कळ कल्याण केले आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. गावी पैसे पाठवण्यासाठी अर्धा दिवस रांगेत घालवणारे कामगार मी पाहिले आहेत. पण तिच्यामुळे माल एका गावी, माणूस दुसऱ्या गावी आणि पैसा तिसऱ्या गावी, अशी स्थिती झाली. आजची सारी ठकबाजी या फटीत राहते. आणि जाहिरात छापणारी कंपनी बहुतेक वेळी केवळ चावडीवरच्या फळ्यासारखी असते: फळ्यावर कोणीही खडूने लिहावे, लिहिलेल्याची हमी फळा देत नाही.

या फटीत वावरणाऱ्या ठकांचा सर्वांत यशस्वी वेष म्हणजे सैनिकाचा. मोटारसायकल चकचकीत, किंमत बाजारभावाच्या निम्मी. विकणारा सांगतो, मी फौजेत आहे, माझी बदली झाली आहे, गाडी छावणीत आहे. सोबत गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत येते. दोन्ही दुसऱ्याच कोणाची तरी असतात. आता या कथेची बांधणी पाहा. गाडी स्वस्त का, तर बदली झाली म्हणून. प्रत्यक्ष पाहता का येत नाही, तर छावणीत परक्याला प्रवेश नाही म्हणून. आणि विश्वास का ठेवावा, तर सैनिक खोटे बोलत नाही म्हणून. गिऱ्हाइकाच्या मनात उठणाऱ्या तिन्ही शंकांना एकाच गोष्टीने उत्तर दिले आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते, आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्याच्या भावकीत एकही फौजी नाही असे घर शोधावे लागते. तेव्हा आपल्या माणसांच्या ज्या आदराला हात घालावयाचा तो ठकाने अचूक हेरलेला आहे.

पुढे पैसे मागितले जातात तेही एकदम नव्हे. आधी वाहतुकीचे तीन हजार. मग गाडी निघाली, पण फाटकावर पास हवा, त्याचे चार हजार. मग कर, मग विमा, आणि प्रत्येक वेळी 'हे पैसे गाडीबरोबर परत मिळतील' अशी ग्वाही. पहिले तीन हजार गेले म्हणूनच पुढचे चार हजार दिले जातात. कारण येथे थांबावे तर आधीचे बुडाले असे कबूल करावे लागते. म्हणून वस्तू पाहण्यापूर्वी मागितलेली पहिली रक्कम, मग ती शंभर रुपयेच का असेना, हीच खरी सीमारेषा होय. त्याला विसार म्हणा, टोकन म्हणा, डिपॉझिट म्हणा. जो कासऱ्याला हात लावू देत नाही त्याला विसार द्यावयाचा नसतो.

विकणाऱ्यालाही लुटतात, हे पुष्कळांना खरेच वाटत नाही. 'मी तर पैसे घेणार आहे, माझे काय जाणार?' असे ते म्हणतात. एखाद्याने जुने कपाट आठ हजारांना विकावयास काढले. पाच मिनिटांत फोन येतो. समोरचा घासाघीस करीत नाही, कपाट पाहावयासही येत नाही, लगेच पैसे पाठवतो म्हणतो. खात्री पटावी म्हणून आधी पाच रुपये पाठवतो, आणि ते खरोखर येतात. मग क्यूआर कोड पाठवून सांगतो, हा स्कॅन करा, पिन टाका, आठ हजार जमा होतील. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार आहे. पिन टाकताच आठ हजार जातात, येत नाहीत.

शिकलेली मंडळी यावर हसतात. पैसे घेण्यासाठी कधी पिन लागतो काय, असे विचारतात. मी त्यांना सांगतो की कामगाराच्या उभ्या आयुष्याचा अनुभव नेमका उलटा आहे. पगार घ्यावयाचा तर पगारपत्रकावर सही करावी लागे. मनीऑर्डर आली तर पोस्टमनपुढे अंगठा उठवावा लागे. बोनस असो, नुकसानभरपाई असो, पैसा हाती पडण्यापूर्वी सही घेतली जाई. घेणाऱ्याने सही करावयाची ही सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. मोबाइलच्या व्यवहारात ती साफ उलटली: येथे सही देणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नसते. पिन ही ती सही. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, अंगठा लागत नाही, कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही. पूर्वी ठक 'पैसे मागण्याची' विनंती पाठवून तीवर पिन टाकावयास लावीत. व्यक्तीकडून व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. ते बरेच झाले. क्यूआर कोडची युक्ती मात्र अद्याप चालते, कारण जुनी सवय तशीच आहे.

याच्या शेजारची युक्ती म्हणजे खोट्या संदेशाची. 'तुमच्या खात्यात अठरा हजार जमा' असा बँकेसारखा दिसणारा संदेश येतो. लगोलग फोन, 'भाऊ, आठऐवजी अठरा गेले, दहा परत पाठवा, आई दवाखान्यात आहे.' संदेशावर आणि समोरच्याने दाखवलेल्या चित्रावर जाऊ नये. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक उघडून पाहावी, आणि आकडा वाढला असेल तरच माल हलवावा. आकडा खरोखर वाढला तरी पाठवणाऱ्याचे नाव वाचावे. माल नेणारा एक आणि पैसे आले दुसऱ्याच्या खात्यातून, असे झाले तर तो दुसरा स्वतः कोठेतरी लुटला गेलेला असण्याचा संभव असतो. त्याने तक्रार केली म्हणजे पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि तेवढी रक्कम, कधी सारे खातेच, गोठवले जाते. कपाट गेले, पैसे अडकले, आणि जबाब देण्याचे काम उरले!

वस्तू समोर आल्यावरही पाहावयाचे पुष्कळ उरते. १९३० चा वस्तुविक्री कायदा सांगतो की विकणाऱ्याची जेवढी मालकी तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोरीचा मोबाइल तुम्ही पुरे पैसे मोजून घेतला तरी तो तुमचा होत नाही. यासाठी फोनवर तारांकन, हॅश, ०६, हॅश अशी बटणे दाबावीत. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम अक्षरे व त्यापुढे हा क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला, किंवा दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तपासला, तर हा फोन अडवलेला आहे की काय ते कळते. पावती व खोका यांवरील क्रमांकाशी तो ताडून पाहावा, आणि आधीच्या मालकाचे खाते फोनमधून त्याच्याच हाताने आपल्यादेखत काढून घ्यावे.

मोटारसायकलीच्या बाबतीत घेणाऱ्यापेक्षा मला विकणाऱ्याची अधिक काळजी वाटते. चाव्या दिल्या, पैसे घेतले, फॉर्मवर सह्या केल्या, आता आपला संबंध संपला, असे तो समजतो. कायदा तसे समजत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावयाचे असते. हे न झाल्यास काय होते ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात दिसते. त्या प्रकरणातील गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी कित्येक हात फिरली होती. दप्तरी नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले होते. पुढे अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी दप्तरी नाव असलेल्या मालकावर टाकली. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० यांवर नुसती सही करून ते कोणाच्या हाती सोपवू नयेत. नाव बदलल्याचे ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करावा. घेणाऱ्याने आरसीवर कर्जाची नोंद आहे काय ते पाहावे, आणि असल्यास ती उतरल्याचे कागद हाती पडल्यावाचून पैसे मोजू नयेत. चक्कर मारून पाहतो म्हणून गाडी घेऊन गेलेला माणूस परतत नाही, हेही घडते. चावी देताना मागच्या आसनावर आपण बसावे. भेट दिवसाढवळ्या, वर्दळीच्या जागी, शक्यतो कोणाला सोबत घेऊन व्हावी.

एवढे सांगूनही माणसे फसतील. तेव्हा ऐकू येईल, लोभी माणूसच फसतो. हे वाक्य मला मान्य नाही. ज्याची पाळी रात्री अकराला सुटते आणि बस नऊला बंद होते, त्याला मोटारसायकल ही चैन नव्हे. तो स्वस्त गाडी शोधतो याचे कारण त्याचा पगार. आणि घाई करतो याचे कारण त्याची पाळी. त्याला लोभी म्हटले की तो गप्प बसतो, बायकोलाही सांगत नाही, आणि हे गप्प बसणे ठकाच्या पथ्यावर पडते. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तो पळत असतानाच अडवता येतो. यासाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. (वस्तुविक्रीचा कायदाही १९३० चाच, लक्षात ठेवण्यास सोपे.) तेथे व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा दूरध्वनी सांगितला की बँकांना पैसा रोखण्याची सूचना जाते. पहिल्या तासात फोन करणाऱ्याला आशा असते, आठ दिवसांनी जाणाऱ्याला फारशी नसते. पोलिस ठाण्यात 'आमच्या हद्दीतले नाही' असे उत्तर मिळाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चे नाव घ्यावे. गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे. मात्र कोणत्याही कंपनीचा वा बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन करू नये. ठकांनी तेथेही आपले क्रमांक पेरून ठेवले आहेत.

हे ठक कोण? एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील चौदा गावांवर छापे घातले तेव्हा या धंद्याचा पसारा देशापुढे आला. परंतु एखाद्या मुलखाचे नाव घेऊन हात झटकता येत नाहीत, कारण लुटलेला पैसा ज्या खात्यांतून फिरतो ती खाती आपल्याही वस्त्यांत उघडली जातात. काम सुटलेल्या पोराला कोणीतरी सांगतो, तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला वापरायला दे, महिना तीन हजार घे. पोराला वाटते, रिकामे खाते, आपले काय जाते? माझ्या कचेरीत असा एक मुलगा आला होता. त्याचे खाते दोन महिने दुसऱ्याच्या हाती होते. त्यातून किती लाख गेले ते त्याला पोलिसांच्या नोटिशीवरून कळले, आणि नोटीस आली होती परराज्यातील ठाण्याची. त्याला मिळाले होते सहा हजार. वकिलाने पहिल्या तारखेला जाण्यायेण्याचा खर्च धरून त्याहून अधिक सांगितले. आम्ही त्याला त्याच दिवशी बँकेत नेऊन कार्ड बंद करविले, सिम बंद करविले, आणि ज्याने खाते घेतले होते त्याचे नाव-गाव लेखी लिहून पोलिसांकडे दिले.