हरणाची शिकार : जमिनीवरून व मचाणावरून

हरणाच्या शिकारीच्या पद्धती अनेक असल्या, तरी शिकारी जमिनीवर वावरतो की उंचावर बसतो, यावरून त्यांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात शिकारी वारा तोंडावर घेऊन सावकाश पुढे सरकतो, माग काढतो किंवा झुडपांच्या आडोशाला लपण करून बसतो. दुसऱ्या प्रकारात हरणांच्या नेहमीच्या वाटेवर, पाणवठ्याजवळ वा चरण्याच्या जागेजवळ झाडावर बांधलेल्या मचाणावर तो स्थिर बसून राहतो. यांतील कोणती पद्धत सोयीची, हे बहुधा प्रदेशच ठरवितो. स्कॉटलंडमधील तांबड्या हरणांच्या शिकारीच्या क्षेत्रांना ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात. परंतु त्यांचा बराच भाग वृक्षहीन डोंगराळ आहे. तेथे दुर्बिणीने कळप हेरून ओढ्यांच्या घळींतून रांगत जावे लागते. जर्मनी व ऑस्ट्रियात उलटपक्षी वनांच्या कडेने शिडी लावलेल्या उंच लाकडी बैठका सर्रास आढळतात.

दोन्ही पद्धतींची खरी तुलना होते ती उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या (ओडोकॉयलिअस व्हर्जिनिॲनस) शिकारीत. या हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला क्षितिजालगतचा फार मोठा पट्टा मान न वळविता दिसतो व त्यातील किंचितशी हालचालही ते टिपते. तांबडा व नारिंगी हे रंग मात्र त्याला नीट ओळखता येत नाहीत. त्यामुळेच बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांना एकमेकांपासून सुरक्षित राहण्यासाठी भडक नारिंगी कपडे घालता येतात. हरणाचा खरा आधार म्हणजे घ्राणेंद्रिय. जमिनीवरील माणसाचा वास वाऱ्याबरोबर थेट त्याच्या नाकाशी पोहोचतो. पाच-सहा मीटर उंचीवरून तो काही वेळा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. मचाणावर वासाची भीतीच नसते, हा समज मात्र चुकीचा आहे. दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते व संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. अशा वेळी मचाणाखालच्या घळीत वास साचून राहतो. हरिण वर पाहत नाही, हेही पूर्णतः खरे नाही. जेथे मचाणे फार झाली, तेथील वयस्क माद्या झाडे निरखून मगच पुढे येतात, असा शिकाऱ्यांचा अनुभव आहे.

मचाणाचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धनुर्धाऱ्यांमध्ये विशेष झाला. बंदुकीने शंभर मीटरपलीकडूनही नेम साधता येतो. बाणासाठी हरिण वीस-तीस मीटरच्या आत यावे लागते आणि तेवढ्या जवळ धनुष्य ओढण्याची हालचाल लपविणे जमिनीवर कठीण जाते. ते अशक्य मात्र नाही. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस मानला गेलेला ईशी (मृ. १९१६) शिकारीपूर्वी मासे व तंबाखू वर्ज्य करी, स्नान करी आणि पेंढा भरलेले हरणाचे मुंडके डोक्यावर धरून हरणांचे कुतूहल जागे करी. त्याच्याकडून ही विद्या शिकलेले शल्यविशारद सॅक्सटन पोप (१८७५–१९२६) यांच्यापासून अमेरिकेतील आधुनिक धनुष्यशिकारीची परंपरा सुरू झाली.

उंचीचा सर्वांत नाजूक परिणाम बाणाच्या कोनावर होतो. मचाण ६ मी. उंच व हरिण १५ मी. अंतरावर असेल, तर बाण सु. २२° कोनात उतरतो. तो कुशीतून दोन्ही फुप्फुसे भेदून खालच्या बाजूस बाहेर पडला, तर रक्ताचा माग स्पष्ट राहतो व जनावर लवकर मरते. हरिण ५ मी. अंतरावर असल्यास कोन सु. ५०° होतो, मग बाण पाठीजवळ शिरून एकाच फुप्फुसाला लागण्याचा संभव असतो. असे हरिण तासन्‌तास जिवंत राहून दूर जाऊन मरते व पुष्कळदा सापडतही नाही. अगदी जवळ आलेले हरिण सोपे लक्ष्य वाटते, पण अशा वेळी बाण न सोडणेच योग्य. जमिनीवरून कोन जवळजवळ आडवा मिळतो, हा त्या पद्धतीचा मोठा गुण होय.

बंदुकीच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. उंचावरून झाडलेली व नेम चुकलेली गोळी मातीत रुतते. जमिनीवरून झाडलेली गोळी मागे टेकडी नसल्यास फार दूर जाऊन माणसाचाही बळी घेऊ शकते. जर्मनीत उंच बैठकांचा आग्रह धरला जातो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. मात्र मचाण स्वतःच धोकादायक ठरते. कुजलेल्या फळ्या, गंजलेले पट्टे, ओली साल व रात्रभराची झोप या कारणांनी शिकारी पडून पाठीचा कणा मोडण्याचे प्रकार घडतात. ते विशेषतः चढउतार करताना व बैठकीवर पाय ठेवताना. यासाठी जमिनीपासूनच दोराला जोडलेला, सर्वांगाला बांधण्याचा पट्टा वापरतात. पडल्यावर पट्ट्यात दीर्घकाळ लोंबकळत राहणेही प्राणघातक ठरू शकते, म्हणून पाय टेकण्यासाठी फास जवळ ठेवतात. मचाणावर बसून राहणे ही खरी शिकार नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. जखमी होऊन निसटणाऱ्या हरणाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात फारसे तथ्य नाही.

भारतात सांबर व चितळ यांची शिकार मचाणावरून, बहुधा हाका घालून किंवा पाणवठ्यावर बसून होत असे. काळवीट हे खरे पाहता कुरंग. उघड्या माळावर त्याच्यासाठी मचाण निरुपयोगी, म्हणून शिकारी बैलगाडीच्या आडून त्याच्याजवळ जात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे करमणुकीची शिकार बंद झाली. महाराष्ट्रातील अभयारण्यांत वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून वन कर्मचारी व निसर्गप्रेमी चांदण्यात येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात.