वही एक, हात दोन : छोट्या व्यावसायिकांचा संगणकीय हिशेब

पुणे शहराच्या वायव्येस वसलेली खडकी ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे इतिहासात परिचित आहे. १८६९ मध्ये येथे दारूगोळा कारखाना सुरू झाला आणि छावणीच्या या गावास उद्योगाचे रूप प्राप्त झाले. पुढे ऑइल इंजिने तयार करणारा किर्लोस्करांचा कारखानाही येथे उभा राहिला. मोठ्या उद्योगाच्या सावलीत छोटा व्यवसाय वाढतो. खडकी बाजारातील किराणा, कापड व लोखंडी सामानाची दुकाने आणि लेथवर सुटे भाग करून देणारे कारागीर हे त्याचेच उदाहरण होय.

या व्यावसायिकांचा हिशेब पूर्वी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार, खतावणीत प्रत्येकाचे खाते आणि वर्षाअखेर ताळेबंद, हा क्रम महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यातील पेशवे दप्तरात अशा रोजकीर्दी आजही जतन केलेल्या आहेत. आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. १९८६ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या संस्थेची ‘टॅली’ ही आज्ञावली देशभरातील दुकानांत पोहोचली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संगणकीय हिशेब ही बहुतेकांची गरजच झाली.

अडचण कोठे उद्भवते?

वही एका वेळी एकाच ठिकाणी असे. ती लेखापालाकडे गेली म्हणजे दुकानात नसे, आणि त्यामुळे एकाच पानावर दोघे लिहिण्याचा प्रश्नच येत नसे. संगणकातील फाईलची मात्र क्षणात प्रत निघते. ही सोय आहे, आणि धोकाही नेमका येथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. खडकीतील एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने ५ एप्रिल रोजी ३१ मार्चअखेरचा हिशेब पेनड्राइव्हवर घालून लेखापालाकडे दिला. लेखापालाने आपल्या संगणकावर घसारा, अखेरचा शिल्लक माल आणि येणे-देण्याच्या नोंदी केल्या. दुकान मात्र चालूच होते व नवी बिले दुकानातील फाईलमध्ये लिहिली जात होती. २० एप्रिल रोजी लेखापालाकडील फाईल परत आली. दुकानातील मुलाने ती जुन्या फाईलच्या जागी उतरवून घेतली. परिणामी ५ एप्रिलनंतरची सर्व बिले नाहीशी झाली.

हे नुकसान केवळ कागदोपत्री नसते. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यास एप्रिलमधील विक्रीचा तपशील ११ मेपर्यंत सादर करावा लागतो. फाईलमधून गळालेले बिल त्या विवरणात येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, विक्रेत्याने बिलाचा तपशील सादर केल्याशिवाय खरेदीदारास त्यावरील कराची वजावट मिळत नाही. म्हणजे चूक एका दुकानात होते आणि तिची झळ गिऱ्हाइकास पोहोचते. अशा दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येईलच याची शाश्वती नसते.

उपाय साधे आहेत

पहिला नियम असा की, मूळ फाईल कोणाकडे आहे हे दोघांनी आधी ठरवावे. मूळ फाईल दुकानात राहणार असेल, तर लेखापालाने आपली प्रत केवळ तपासणीसाठी वापरावी आणि दुरुस्त्यांची यादी कळवावी. दुकानदाराने त्या नोंदी स्वतःच्या फाईलमध्ये कराव्यात. नोंदी अनेक असतील, तर संपूर्ण फाईल न पाठविता तेवढ्याच नोंदी वेगळ्या काढून पाठविण्याची व मूळ फाईलमध्ये मिळविण्याची सोय टॅलीसारख्या आज्ञावलीत आहे.

दुसरा नियम तारखेचा. ३१ मार्चपर्यंतचे व्यवहार लेखापालाने पाहावयाचे आणि १ एप्रिलपासूनचे दुकानदाराने लिहावयाचे, अशी वाटणी केल्यास दोन हात एकमेकांच्या आड येत नाहीत. तपासून पूर्ण झालेल्या वर्षातील नोंदींत बदल करता येऊ नये, अशी व्यवस्था करून घ्यावी.

तिसरा नियम असा की, परत आलेली फाईल कधीही जुन्या फाईलवर उतरवू नये. ती वेगळ्या जागी, तारीख घातलेल्या नावाने उघडावी आणि रोख व बँक शिल्लक जुळते का ते पाहावे. दोघांकडील आज्ञावलीची आवृत्ती एकच असावी, हेही महत्त्वाचे आहे. नव्या आवृत्तीत उघडलेली फाईल पुष्कळदा जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही.

इंटरनेटद्वारे दुकानातील मूळ फाईलच लेखापालाने उघडावी, हा आणखी एक मार्ग आहे. त्यात प्रती दोन होत नाहीत. मात्र प्रत्येकास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. मालकाचाच पासवर्ड सर्वांनी वापरला, तर कोणती नोंद कोणी बदलली हे कळण्यास मार्ग उरत नाही.

कायद्याची अपेक्षा

वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार हिशेबातील नोंद पुसता येत नाही. हिशेब संगणकावर असेल, तर बदललेल्या वा वगळलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा लागतो. तसेच मूळ फाईल नष्ट झाल्यास ती पुन्हा उभी करता यावी यासाठी राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवणे बंधनकारक आहे. कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून, बदलांचा माग बंद करता येणार नाही अशीच आज्ञावली वापरण्याचे बंधन आहे.

वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जतन करावयाचा असतो. २०२३-२४ या वर्षाचे विवरण ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरावयाचे होते. म्हणून त्या वर्षाची फाईल ३१ डिसेंबर २०३० पर्यंत उघडता आली पाहिजे. एवढ्या काळात संगणक एकदा तरी बदलतो, हे विसरून चालणार नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घरे व दुकाने पाण्याखाली गेली. ज्याची वही दुकानातच होती, त्याची उधारीही तिच्याबरोबर बुडाली. यास्तव एक प्रत दुकानात, दुसरी घरी व तिसरी लेखापालाकडे किंवा इंटरनेटवरील सुरक्षित जागेत असावी. अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

विश्वासाचे नाते

सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्यानुसार अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. तरीही फाईल मोकळ्या पेनड्राइव्हवर अथवा कोणाही ओळखीच्याच्या फोनवरून पाठवू नये. ती पासवर्ड लावून पाठवावी आणि पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवावा. लेखापाल बदलल्यास जुना पासवर्ड त्याच दिवशी रद्द करावा.

हे नियम दुकानापुरतेच नाहीत. बचत गट, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांचा जमाखर्चही आता संगणकावर होत आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व हिशेब तपासणीस यांच्यामध्ये तीच फाईल फिरते आणि तीच चूक तेथेही होऊ शकते. वाणिज्य शाखेच्या शिक्षकांनी कीर्द-खतावणीबरोबर फाईलची देवाणघेवाणही विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासह शिकवावी. दुकानात संगणकापुढे बहुधा हीच मुले बसणार आहेत. पेनड्राइव्ह हाती घेण्यापूर्वी मूळ फाईल कोणती, हे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर उदाहरणातील दुकानदारावर आलेली वेळ पुष्कळांना टाळता येईल.